वस्तादांचे दोन कागद

वस्ताद इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट घालून कामाला यायचे आणि तोच अंगात ठेवून ट्रकखाली शिरायचे. शिवडीच्या गोदामांच्या रस्त्यावर सगळे मेकॅनिक काळ्या पडलेल्या बनियनवर वावरत. त्यांच्यात हा साठीच्या पुढचा माणूस साखरपुड्याला निघाल्यासारखा दिसायचा. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "मळक्या कापडावर नवा डाग दिसतो काय, ताई? पांढऱ्यावर दिसतो. कुठं लागला, कुठल्या रंगाचा, पातळ का जाड. संध्याकाळी शर्ट काढला की दिवसभर काय काय गळत होतं ते सगळं त्याच्यावर."

त्यांना सगळे वस्तादच म्हणत. मीही तेच म्हणायची. खरं नाव मला पुढे एका कागदावर वाचायला मिळालं, पण ते इथे लिहीत नाही. नायगावच्या चाळीत जन्म, वडील गिरणीत, स्वतः आधी एका मोठ्या वाहतूक कंपनीत आणि मग स्वतःची पत्र्याची शेड. शेडमध्ये बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर, एक स्टूल, आणि मदतीला कोणी नाही. काम फक्त क्लचचं. इंजिनाचं कोणी विचारलं तर ते तोंडाने उत्तर द्यायचे नाहीत, समोरच्या शेडकडे बोट करायचे.

त्यांचं मुख्य हत्यार होतं लहान बाळांना लावायच्या पावडरीचा डबा. जुन्या ट्रकचा क्लच तेलावर चालतो. पायाखालचं पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल एका बारीक पाइपातून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तिथला दांडा क्लच सोडवतो. तेल कमी झालं, पाइपात हवा शिरली, की पेडल नुसतंच खाली जातं आणि क्लच काही सुटत नाही. तेल कुठून जातं हे शोधण्यासाठी वस्ताद पाइप, जोड, दोन्ही सिलिंडर फडक्याने कोरडे ठणठणीत पुसत, वर पावडर भुरभुरवत आणि ड्रायव्हरला पेडल मारायला सांगत. चाळीस वेळा, पन्नास वेळा. मग टॉर्च घेऊन बघायचं, पावडर कुठे ओली झाली. त्यामुळे त्यांच्या शेडमध्ये शिरलं की डिझेल, ग्रीस आणि त्यात मध्येच नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायचा. बाकीचे मेकॅनिक त्यांना पाठीमागे 'सुईण' म्हणायचे. ते त्यांना ठाऊक होतं.

तेल नुसतं भरून ते कधी द्यायचे नाहीत. एक ट्रान्सपोर्टवाला फोन कानाला लावूनच शेडमध्ये आला होता. मी तिथेच होते. "वस्ताद, क्लचच्या तेलाची बाटली फुल करून द्या पटकन. माल गोदीतून उचलायचाय."

"कमी का झालं?"

"झालं असेल. वापरतो ना आपण गाडी."

"क्लचचं तेल वापरून संपत नसतं, शेठ. डिझेल संपतं. हे तेल बंद घरात राहणारं. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. कुठून ते शोधू, मग भरू."

शेठ चिडून निघून गेला आणि दुसरीकडे तेल भरून घेतलं. दोन दिवसांनी त्याचा ट्रक दोरीने ओढत परत त्याच शेडपाशी आला. वस्तादांनी शेठकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरला फक्त विचारलं, "जेवलास काय?"

ते ड्रायव्हरशीच बोलत. स्टूल ड्रायव्हरला, मालक उभा. सकाळी पहिला गियर पडताना खरखर येते काय, दुपारी पेडल जास्त खाली जातं काय, डावा गुडघा दुखायला लागलाय काय, असं पंधरा-वीस मिनिटं चालायचं. मधेच मालकाने तोंड उघडलं तर हाताने थांबवायचे. "गाडी तुमच्या नावावर असेल, पण दिवसभर तिच्यात हा बसतो."

थंडीत शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. कॅमेरे लटकवलेली माणसं रस्ता विचारत त्यांच्या शेडपाशी थांबत. वस्ताद हातातलं काम टाकून बाहेर येत, जेटीचा रस्ता, भरती-ओहोटीची वेळ, सगळं नीट समजावून सांगत. स्वतः मात्र आयुष्यात कधी पक्षी बघायला गेले नाहीत. मी विचारलं, का नाही गेलात? तर म्हणाले, "लांबून गुलाबी दिसतात. तेवढं पुरे."

माझी आणि त्यांची ओळख झाली ती आमच्या एक्स-रेच्या गाडीमुळे. मी तेव्हा टीबीच्या तपासणीचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते. परळ, शिवडी, अँटॉप हिल, कफ परेडचं मच्छीमार नगर अशा वस्त्यांमध्ये आमची गाडी जायची. एक जुना ट्रक घेऊन त्याच्यावर खोली बांधून घेतली होती. आत एक्स-रेचं मशीन आणि गाडीच्या पोटाखाली, डाव्या अंगाला, मशीनसाठी जनरेटर. लोक रांगेने वर चढायचे, छातीचा फोटो काढून उतरायचे. मी खाली टेबल टाकून नावं लिहायची.

गाडी परब चालवायचे. लालबागचे, मूळ मालवणकडचे, पन्नाशी उलटलेले. अकरा वर्षं ती गाडी त्यांच्याच हातात होती. क्लचचं तेल हल्ली कमी होतंय हे त्यांनी मला सांगितलं होतं. गाडीखाली पुठ्ठा टाकून बघायचे, पुठ्ठा कोरडा. पायाखालची चटई उचलून बघायचे, तीही कोरडी. तेल मात्र खाली जायचं. ते दर कॅम्पच्या सकाळी बाटली उघडून भरायचे.

मच्छीमार नगरच्या कॅम्पला ते माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, गाडीखालसून कसलो तरी वास येता हा."

समोर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. मी हसले. "परब, इथे वासाचं काय नवल?"

"तसो न्हय," ते म्हणाले, आणि थोडा वेळ उभे राहिले. माझ्यापुढे साठ माणसं रांगेत होती. मी पुढचं नाव विचारलं आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत कॅम्प होता. चढावर गाडी लावलेली, पहिल्या गियरमध्ये, चाकाखाली दगड. तीन तास जनरेटर चालला. साडेअकराला वसाहतीतली एक गाडी बाहेर काढायची होती, म्हणून आमचा ट्रक थोडा पुढे घ्यायला सांगितलं. परबांनी दगड काढला, वर बसले, क्लच दाबला आणि स्टार्टर मारला. क्लच सुटलाच नाही. गियरमधली गाडी तशीच चालू झाली आणि धक्का खाऊन पुढे उडाली. परबांनी ब्रेक मारला तोवर ती पाच-सहा फूट पुढे गेली होती. पुढच्या चाकापाशी मांडलेलं माझं टेबल आडवं झालं. टेबलासमोर नाव सांगायला बसलेल्या इंदूबाई खुर्चीसकट पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं.

बाटली उघडून पाहिली तर तळाशी बोटभर तेल.

"सकाळी भरलंय मी," परब म्हणत राहिले. "साडेसातला भरलंय. तुमच्या गळ्याची शपथ."

आमचे कार्यवाह दुपारी आले. शांत माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "परब, गाडी इथे आठपासून उभी आहे. उभ्या गाडीतलं तेल तीन तासांत कुठे जाईल?"

परबांनी बाटलीचं झाकण पुन्हा उघडून आत पाहिलं.

त्यांना घरी बसवलं आणि गाडी तपासणीसाठी वस्तादांकडे पाठवली. शिवडीत क्लचच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, हे कार्यवाहांनाही कुणीतरी सांगितलं होतं. गाडी घेऊन गेला दुसरा, बदली ड्रायव्हर. त्याने ती गाडी त्याआधी एकदाही चालवली नव्हती. वस्तादांनी म्हणे विचारलं, नेहमीचा कुठाय? कार्यवाह म्हणाले, त्याची चौकशी चालू आहे, त्याला यात आणू नका. आणि वस्ताद, जे मालकांना उभं ठेवायचे, त्या दिवशी गप्प बसले. कशामुळे, ते त्यांनी मला नंतर सांगितलं: बाईचा हात मोडलाय हे ऐकलं आणि ड्रायव्हरबद्दल मन आधीच कडू झालं.

दोन दिवस त्यांनी गाडी ठेवली. पुसली, पावडर मारली, पेडल मारून घेतलं, इंजिन तापवून पुन्हा बघितलं. पावडर कोरडीच. मग संस्थेला कागद हवा होता म्हणून त्यांनी ठळक अक्षरात लिहून दिलं: 'क्लचची दोन दिवस तपासणी केली. कुठेही गळती नाही. तेल वेळेवर भरलेले नाही असे वाटते.'

त्या कागदावर परबांची नोकरी गेली. चौकशीच्या अहवालावर घटनेच्या वेळी हजर म्हणून माझीही सही आहे. मी त्यात खोटं काही लिहिलं नव्हतं. मच्छीमार नगरच्या वासाचं मात्र लिहिलं नव्हतं, कारण ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा अँटॉप हिलला गेलो. नवा ड्रायव्हर सकाळीच कुरकुरत होता की क्लचचं तेल सारखं भरावं लागतंय. मी टेबल मांडलं. जनरेटर सुरू होऊन दोनेक तास झाले असतील, आणि मला वास आला. जळका, जरा गोडसर, मागे मासळीसारखा. मी मान वर करून पाहिलं. सगळीकडे सरकारी इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी. बोंबील कुठेही नव्हते.

हातातलं पेन खाली ठेवून मी उठले. गाडीखाली वाकून बघितलं. जमीन कोरडी होती.

कॅम्प संपल्यावर गाडी घेऊन आम्ही थेट शिवडीला गेलो. वस्ताद हात धूत होते. मी सांगायला लागले तर मला पुरतं बोलू दिलं नाही. "त्या गाडीचं मी लिहून दिलंय, ताई. गळती नाही. उभ्या गाडीतलं तेल जात नसतं."

"पण वास येतो. जनरेटर चालला की येतो."

त्यांचे हात नळाखाली तसेच राहिले. पाणी वाहत होतं. "जनरेटर कुठं आहे?"

"खाली. डाव्या बाजूला."

"तो पत्र्यामागं असलेला?"

"हो."

त्यांनी नळ बंद केला. "मला कोणी बोललं नाही," असं म्हणाले. मग टॉवेलने एकेक बोट पुसत बराच वेळ उभे राहिले आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी परळला कॅम्प होता. वस्ताद नऊला हजर. पांढरा शर्ट, पिशवीत पावडरीचा डबा. जनरेटर सुरू करायला लावून ते गाडीखाली गेले आणि त्याच्यासमोरचा पत्रा काढला. मग पुसणं, पावडर आणि वाट बघणं. वर लोक एक्स-रे काढत होते, खाली गाडीबाहेर त्यांचे दोन बूट तेवढे दिसत होते. एक तास गेला. रांगेतल्या एका माणसाने मला विचारलं, "त्यांना बरं वाटत नाही का?"

दुसऱ्या तासाला गाडीखालून हाक आली. "ताई, वर्तमानपत्र टाका आणि या. तुम्ही बघितलं पाहिजे."

मी पेपर पसरून आडवी झाले. टॉर्चच्या उजेडात त्यांनी बोट दाखवलं. क्लचच्या पाइपात एक तुकडा रबरी होता आणि तो जनरेटरच्या सायलेन्सरपासून दोन बोटांवरून जात होता. गाडीवर खोली बांधली तेव्हा कुणीतरी जनरेटर तिथे बसवला होता आणि क्लचचा विचारच केला नव्हता. रबर जिथे लोखंडी तोंडात शिरतं तिथली पावडर तपकिरी होऊन तिची कणीक झाली होती. बघता बघता तिथे एक थेंब जमला, लोंबला आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडला. चर्र झालं, बारीक धूर निघाला, तोच वास आला. जमिनीपर्यंत काहीच पोचलं नाही.

"तापलं की तोंड उघडतं," वस्ताद म्हणाले. "थंड झालं की मिटतं. माझ्याकडं ते मिटलेलं होतं. जनरेटर कोणी चालू केलाच नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार होतं?"

"हा पत्रा काढला असता तर रबर करपलेलं दिसलं असतं. पत्रा जनरेटरचा. मी म्हटलं, आपलं काम नाही." त्यांनी टॉर्च बंद केला. "आणि ड्रायव्हरला विचारलं असतं तर त्यानं वासाचं सांगितलं असतं. सांगितलं असतं ना?"

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले.

मी बाहेर आले. ते आणखी पाच-दहा मिनिटं खालीच पडून राहिले. बघण्यासारखं आता तिथे काही उरलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा डाव्या बाहीला सायलेन्सरचा चटका बसून कापड काळं पडलं होतं. कपडे झटकले आणि विचारलं, "कुठं राहतो तो?"

गाडी शिवडीपर्यंत नेण्यापुरतं तेल मात्र त्यांनी दुरुस्तीआधीच भरलं. तेवढ्यासाठीही तोंड कसंनुसं केलं होतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी करपलेला तुकडा काढून टाकला, नवा पाइप गाडीच्या उजव्या अंगाने फिरवून नेला, जागोजागी पट्ट्यांनी बांधला, जोडांना नवे तांब्याचे वायसर घातले, जुनं काळं पडलेलं तेल सगळं काढून नवं भरलं. राहिलं फक्त पाइपातली हवा काढणं. त्यासाठी वर बसून कुणीतरी पेडल मारावं लागतं. नवा ड्रायव्हर तयारच होता. वस्ताद त्याला म्हणाले, "तू नको. याचं पेडल परब मारतील."

रविवारी सकाळी आम्ही दोघं लालबागला गेलो. चाळीचा तिसरा मजला. परब एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करत होते, हे मला खाली कळलं होतं. दार त्यांनीच उघडलं. बाहेर जायच्या तयारीत होते, हातात कापडी पिशवी.

"येवा, मॅडम," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच चोरट्यासारखं झालं. वस्तादांना त्यांनी ओळखलं नाही. कसे ओळखणार, दोघं कधी भेटलेच नव्हते.

"मी शिवडीचा क्लचवाला," वस्ताद म्हणाले. "तो कागद मी लिहिला."

परबांचा चेहरा दगडासारखा झाला. आतून त्यांच्या बायकोने पाण्याचे पेले आणले होते, ती उंबऱ्याशी तशीच थांबली.

वस्तादांनी खिशातून दुसरा कागद काढला आणि परबांना दिला नाही. गॅलरीत मागे सरकून, कठड्याला पाठ लावून उभे राहिले आणि वाचायला लागले. शाळेत धडा वाचतात तसं, मोठ्याने. "मी गाडी दोन दिवस तपासली, पण जनरेटर चालू करून बघितला नाही. ड्रायव्हर परब यांना बोलावले नाही. काल तपासले तेव्हा क्लचचा रबरी पाइप जनरेटरच्या उष्णतेने फाटलेला आढळला. तेल त्यातून जात होते आणि जागेवरच जळत होते. परब यांनी तेल भरले होते. पहिल्या कागदातले शेवटचे वाक्य मी माहीत नसताना लिहिले. तपासले तेवढेच लिहायचे असते. मी वाटले ते लिहिले. चूक माझी आहे."

शेजारपाजारची दारं उघडली होती. कुणी दात घासत, कुणी केस विंचरत ऐकत होतं.

"हळू वाचा हो," परब कसनुसे होऊन म्हणाले.

"का हळू? पहिला कागद काय हळू कळला होता चाळीला?" आणि त्यांनी तो पहिल्यापासून पुन्हा वाचला.

दुसऱ्यांदा संपल्यावर परबांनी कागद घेतला. बारीक घडी घालून तो खिशात ठेवला. "एकदा माका इचारूक होया होतां," ते म्हणाले. "एकदा. मी सांगलंय असतंय."

"हो," वस्ताद म्हणाले.

मी म्हणाले, "परब, अहवालावर माझी पण सही होती."

"माहीत आसा," परब म्हणाले आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

वस्तादांनी पेडल मारायला बोलावलं तसे परब पिशवी घेऊन आमच्याबरोबर निघाले. शिवडीला गाडीत बसताना त्यांनी आधी सीटवर हात फिरवला, आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. वस्ताद खाली गेले. मग बराच वेळ नुसते आवाज. "मारा. मारा. आता धरून ठेवा." खालून स्क्रू ढिला केल्याचा, नळीतून बुडबुडे निघाल्याचा आवाज. "सोडा." परत तेच. परब दर वेळी वरून सांगत, "पोकळ आसा. अजून पोकळ. आता थोडां लागता." असं पंधरा-सोळा वेळा झालं. मग म्हणाले, "पकडला." पहिला गियर टाकला, काढला, पुन्हा टाकला. जराही खरखर झाली नाही. वस्ताद गाडीखालून बाहेर यायला तयार नव्हते. "अजून दहा वेळा मारा," म्हणत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी मी परबांकडून आणलेला दुसरा कागद कार्यवाहांच्या टेबलावर ठेवला, आणि सोबत मच्छीमार नगरच्या वासाबद्दल माझा एक. त्यांनी दोन्ही वाचले, चष्मा काढून डोळे चोळले आणि परबांना त्याच आठवड्यात परत घेतलं. परबांनी निवृत्त होईपर्यंत तीच गाडी चालवली. वस्तादांनी त्यानंतर कुणालाही, कशाबद्दलही, लेखी मत दिलं नाही. पुढे रस्त्याच्या कामात ती शेड गेली. सध्या ते मुलीकडे राहतात असं ऐकलं आहे.

पण त्या रविवारी दुपार व्हायला आली होती. परब गाडीतून उतरले, हात पुसले आणि आपली कापडी पिशवी उचलली. "निघतंय मी. उशीर झालो."

"कुठं?" वस्तादांनी विचारलं.

परब सांगायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "अँटॉप हिलाक. त्या इंदूबाई. रविवारचो जातंय मी."

मला हे माहीत नव्हतं. चार महिने ते दर रविवारी जात होते.

वस्तादांनी हात धुतले, शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली. शर्ट परळच्या दिवशीचाच होता, बाहीचा करपलेला भाग आत दुमडून घेतला. "मी येतो," म्हणाले. आम्ही तिघं टॅक्सीने गेलो.

इंदूबाई सत्तरीच्या, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडं जुळलं होतं. परबांनी पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला. त्यात साफ करून, धुऊन, मीठ लावलेले बांगडे होते. त्या हाताने इंदूबाईंना मासे साफ करता येत नव्हते.

वस्तादांनी इथेही उभं राहून सगळं सांगितलं. कागद परबांच्या खिशात होता, म्हणून पाठ म्हटल्यासारखं. इंदूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग परबांकडे वळल्या.

"म्हणजे तुझी चूक नव्हतीच?"

"नाय."

"तुला ते माहीत होतं?"

"तेल मी भरलंय, ह्या माहीत होतां."

"मग एवढे महिने कशाला येत होतास रे?"

परबांनी खाली बघितलं. "हात मोडलो तो मोडलोच मा," ते म्हणाले.

इंदूबाईंनी डावा हात उजव्या मनगटावर फिरवला आणि वस्तादांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही ह्याच्या नावाने खोटं लिहिलंत."

"हो."

"मग पुढच्या रविवारी तुम्ही पण या. हा मासळी आणतो. तुम्ही भाजी आणा. निवडून, चिरून आणायची. मला सुरी धरता येत नाही."

वस्तादांनी मान हलवली. दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि परत वळले.

"बारीक चिरायची का मोठी?" त्यांनी विचारलं.